सक्तीच्या लष्करी सेवेआधीचे चार महिने: आधी पाय आणि हाडं, मग दम

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय १९, चार महिन्यांनी सक्तीच्या लष्करी सेवेत रुजू व्हायचं आहे. शाळा संपल्यापासून खेळ बंद, दिवस खुर्चीत जातो. तीन-चार मिनिटं पळालं की धाप लागते, जोर सात-आठच निघतात. पहिल्या चाचणीत मागे पडू नये म्हणून उद्यापासून रोज ५ किलोमीटर पळायचं आणि १०० जोर काढायचे, असं ठरवलंय. बरोबर आहे का?

रोज पळू नकोस. पळायचं आहेच, पण उद्यापासून नाही आणि रोज तर मुळीच नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सेवेत जाणाऱ्या मुलामुलींची आधीची तयारी करून घेणं आणि तिथून दुखापत होऊन आलेल्यांवर उपचार करणं, ही दोन्ही कामं मी करतो. दोन्ही बाजू पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. धाप लागली म्हणून फार कोणी घरी परत येत नाही. येतात ते नडगी, पावलाचं हाड, गुडघा, कंबर धरून. चाचणीत थोडे कमी गुण मिळाले तर तिथलं प्रशिक्षणच काही आठवड्यांत तुला वर आणेल. हाडाला तडा गेला तर मात्र दोन-तीन महिने बाजूला बसून इतरांना पुढे जाताना बघावं लागतं आणि बऱ्याचदा पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

याचं कारण नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, तीन-चार आठवड्यांत फरक जाणवतो. स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो. हाड सगळ्यांत संथ. नवा भार पडायला लागला की शरीर हाडातला थकलेला भाग आधी पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं हाड भरतं. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे व्यायाम सुरू केल्यावर मधे असा एक काळ येतो, जेव्हा छाती म्हणते ‘अजून पळ’ आणि नडगी आधीपेक्षा नाजूक झालेली असते. बहुतेक दुखापती याच काळात होतात. हा काळ घरी, तुझ्या हातात वेग आणि अंतर असताना उलटून जायला हवा. छावणीत गेल्यावर कधी थांबायचं हे तू ठरवणार नाहीस.

हे काही नवं नाही. प्रशियाच्या सैन्यातला डॉक्टर ब्राइटहाउप्ट याने १८५५ मध्येच लिहून ठेवलं होतं की लांब संचलनानंतर सैनिकांची पावलं सुजतात आणि दुखतात. क्ष-किरण आल्यावर कळलं की ते पावलाच्या हाडांना गेलेले तडे होते. इस्रायलमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ आठवड्यांच्या पायदळ प्रशिक्षणात ३१ टक्के नव्या जवानांना असे तडे गेलेले आढळले. तिथल्याच संशोधकांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी प्रत्येकाला सांगतो: भरतीआधी किमान दोन वर्षं चेंडूचे खेळ, मुख्यतः बास्केटबॉल, खेळलेल्या मुलांमध्ये तड्यांचं प्रमाण बरंच कमी होतं. भरतीआधी नुसतं पळणाऱ्यांना तसा फायदा मिळालेला दिसला नाही. उड्या, वळणं, अचानक थांबणं, बाजूला सरकणं यांतून हाडावर सगळ्या दिशांनी भार येतो आणि त्यातून ते घडतं. तुझ्याकडे दोन वर्षं नाहीत, चार महिने आहेत. तरीही आठवड्यातून एक-दोनदा मित्रांबरोबर बास्केटबॉल, फुटबॉल, बॅडमिंटन, जे मिळेल ते खेळ. सुरुवातीला अर्धा तास पुरे.

आता कामाला लागू. पहिले चार आठवडे चालण्याचे आहेत. हे ऐकून बहुतेक मुलं नाराज होतात, पण छावणीत तू पळण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ चालणार आणि उभा राहणार आहेस. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला एकदम बारा-चौदा तास पायांवर राहायला लागणं, हाच पहिल्या आठवड्यातला सगळ्यांत मोठा धक्का असतो. आठवड्यातून पाच दिवस भराभर चाल. ३० मिनिटांपासून सुरू करून महिनाअखेर एका तासावर ये. दुसऱ्या आठवड्यापासून त्यातले तीन दिवस मधेमधे पळणं घाल: एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. हळू म्हणजे इतकं हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग जास्त आहे.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात पळण्याचा भाग वाढवत ने. दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, मग चार आणि एक, आणि दुसऱ्या महिन्याच्या शेवटी २० ते २५ मिनिटं सलग. आठवड्याला तीनच वेळा, दोन पळण्यांमध्ये एक दिवस मोकळा. चौथ्या दिवशी एक लांब चाल, ८ किलोमीटरपर्यंत. याच टप्प्यावर सगळ्यांना चेव येतो. माझ्याकडे आलेला एक मुलगा सहाव्या आठवड्यात सलग पाच किलोमीटर पळू लागला. त्या आनंदात त्याने दुसऱ्याच दिवशी आठ आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आठ किलोमीटर केले. आठवडाअखेर तो जिना उतरताना डाव्या पायावर भार टाकायला कचरत होता. त्याचं सुदैव एवढंच की तो लगेच दाखवायला आला आणि तीन आठवडे सायकल आणि पोहण्यावर भागलं.

त्याची नडगी मी कशी तपासली ते सांगतो, कारण हे तुलाही घरी करता येईल. खुर्चीवर बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घे. नडगीची आतली कड घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत अंगठ्याने इंचाइंचाने दाबत जा. दुखरा भाग चार बोटं किंवा त्याहून जास्त लांब पसरलेला असेल, पळायला सुरुवात करताना ठणकत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या आवरणावर आणि तिथल्या स्नायूंवर ताण आला आहे. आठवडाभर पळणं बंद ठेव, चालणं कमी कर आणि मग एक पायरी खालून सुरुवात कर. पण एकाच नेमक्या जागी, अंगठ्याच्या टोकाखाली मावेल एवढ्या ठिकाणी कळ येत असेल, त्याच पायावर लंगडी घालताना ती उठत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर त्या दिवसापासून पळणं थांबव आणि डॉक्टरांना दाखव. साध्या एक्स-रेमध्ये पहिले दोन-तीन आठवडे तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणून लगेच पळू नकोस. आणि जांघेत, अगदी आत खोलवर, चालताना दुखायला लागलं तर एक दिवसही वाट पाहू नकोस. खुब्याच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा दुर्लक्षामुळे पूर्ण मोडतो आणि मग शस्त्रक्रियेशिवाय पर्याय उरत नाही.

वेदनाशामक गोळी खाऊन पळणं हा प्रकार तर अजिबात नको. दुखणं झाकलं जातं आणि हाड मोडत राहतं. शिवाय उन्हात घाम गाळताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो.

पाठीवर वजन घेणं नवव्या आठवड्यापासून. त्याआधी नाही. मोठ्या पाठपिशवीत ५ किलो भर; पाण्याच्या बाटल्या बऱ्या, जड वाटल्या तर ओतून देता येतात. आठवड्याच्या लांब चालीला ती घे. दर आठवड्याला एक-दीड किलो वाढव आणि स्वतःच्या वजनाच्या सहाव्या हिश्शापाशी थांब. तुझं वजन ६६ किलो असेल तर ११ किलो. छावणीत २० किलो आणि त्याहून जास्त उचलावं लागेल हे मला माहीत आहे. पण घरी तेवढं उचलून काही कमावता येत नाही, गमावता मात्र खूप येतं. वजन पिशवीत वरच्या बाजूला आणि पाठीला चिकटून असू दे, पट्टे घट्ट. पुढे वाकून चालावं लागत असेल तर वजन जास्त झालं आहे. वजन घेऊन पळायचं नाही, उतारावर तर नाहीच. ज्या आठवड्यात वजन वाढवशील त्या आठवड्यात अंतर वाढवू नकोस.

बुटांचं काय, हेही सगळे विचारतात. लष्करी बूट बहुतेक ठिकाणी रुजू झाल्यावरच मिळतात आणि नवे बूट पहिल्याच आठवड्यात टाचांना फोड आणतात. म्हणून शेवटचे सहा आठवडे घोटा झाकणारे, जाड तळव्याचे बूट घालून चालायची सवय कर. पळायला मात्र पळण्याचेच बूट. फोड निव्वळ घासण्याने येतात असं वाटतं, पण ओली कातडी मोज्याला चिकटून ओढली जाते आणि आतले थर एकमेकांवरून सरकतात, तेव्हा फोड उठतो. त्यामुळे पाय कोरडे ठेवणं हा निम्मा इलाज. सुती मोजे घाम धरून ठेवतात, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे बरे. चालताना एखादी जागा गरम लागली की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लाव. आणखी एक किलोमीटर, आणखी एक, असं म्हणत राहिलास की तिथे पाणी भरतं. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल नाही. बूट मोजायचा तर संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, जाड मोजा घालून.

जोरांची चिंता तू सगळ्यांत जास्त करतोयस आणि ती सगळ्यांत सोपी गोष्ट आहे. आठ निघतात ना? मग एका वेळी चारच काढ, पण दिवसातून पाच-सहा वेळा, आठवड्याचे पाच दिवस. थकेपर्यंत जायचं नाही. दर दहा-बारा दिवसांनी एकदा जास्तीत जास्त किती निघतात ते बघ आणि त्याच्या निम्मे हा नवा आकडा धर. शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत, कोपरं बाजूला न फाकता थोडी मागे. कंबर लोंबायला लागली की तो जोर मोजायचा नाही, कारण परीक्षकही मोजणार नाही. चाचणीत छाती किती खाली गेली पाहिजे आणि हात किती अंतरावर हवेत, हे प्रत्येक सैन्यात वेगळं असतं. तुझ्या देशाचे अधिकृत नियम बघ आणि तसाच सराव कर. चाचणीत पुल-अप असेल आणि तुला एकही जमत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी दांड्यावर आण आणि पाच सेकंद घेत हळूहळू खाली ये. असे तीन-चार, दिवसाआड. ते लटकून झोके घेण्यापेक्षा कितीतरी लवकर फळ देतात.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे ठेव. बैठका, एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन ताठ चालणं, प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग एका रेषेत ताठ धरून ठेवणं). पोटऱ्यांचा व्यायाम कंटाळवाणा म्हणून सगळे सोडतात आणि मग नडगीवर ताण येतो. तो सोडू नकोस: दोन्ही पायांवर २० वेळा सहज जमलं की एका पायावर.

एक मात्र लक्षात ठेव. सवय नसताना एकाच दिवशी दोनशे-तीनशे बैठका मारायच्या पैजा लावल्या जातात, त्या खरोखर धोकादायक आहेत. स्नायू इतके फाटतात की त्यांतला घटक रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडू शकतो. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत मांड्या सुजून कडक झाल्या, दुखणं नेहमीच्या अंगदुखीपेक्षा भयंकर असलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट रुग्णालय गाठ.

पळण्याच्या चाचणीबद्दल. अनेक सैन्यांमध्ये १२ मिनिटांत किती अंतर कापलं ते मोजतात. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली आणि फिनलंडमध्ये सक्तीच्या सेवेतल्या जवानांची आजही याच पद्धतीने परीक्षा होते. सिंगापूरमध्ये ठरलेलं २.४ किलोमीटर अंतर किती वेळात पळता ते बघतात. जोर आणि सिट-अप्स धरून किमान ६१ गुण आधीच मिळवले तर तिथे पूर्णवेळ सेवा दोन महिन्यांपर्यंत कमी होऊ शकते. म्हणजे तयारीला तिथे रोख मोबदला आहे. दोन्ही पद्धती जोडून बघितल्या तर एक सोपं लक्ष्य हाती लागतं: ४०० मीटरच्या मैदानाला दोन मिनिटांत एक फेरी, अशा सहा फेऱ्या, म्हणजे १२ मिनिटांत २.४ किलोमीटर. तिसऱ्या महिन्यात, सलग २५ मिनिटं आरामात पळता यायला लागल्यावर, आठवड्यातलं एक पळणं वेगाचं कर. एक फेरी दोन मिनिटांच्या आत, मग दोन मिनिटं चालणं, असं चारदा, पुढे सहादा. चाचणीच्या दिवशी पहिली फेरी मुद्दाम सावकाश वाटेल अशी पळ. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे असलेली मुलं चौथ्या फेरीत चालताना दिसतात.

खाणं-पिणं फार गुंतागुंतीचं करू नकोस. वजन जास्त असेल तर आठवड्याला अर्धा किलो कमी होणं पुरेसं आहे. उपाशी राहून व्यायाम केलास तर हाड भरायला लागणारा माल शरीराला मिळत नाही आणि तडे जाण्याची शक्यता वाढते. वजन कमी असेल तर उलट जास्त खा. प्रथिनं दर जेवणात हवीत. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व खरंच महत्त्वाचं आहे: अमेरिकी नौदलात भरती झालेल्या पाच हजारांहून जास्त महिलांवर केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये तडे सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासून घे आणि डॉक्टरांना विचार. सिगारेट ओढत असशील तर आजच सोड. अमेरिकी सैन्यातल्या नव्या जवानांच्या अभ्यासांत धूम्रपान करणाऱ्यांना प्रशिक्षणात जास्त दुखापती झालेल्या वारंवार दिसल्या आहेत.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. नॉर्वेने २०१५ पासून आणि डेन्मार्कने २०२५ पासून सक्तीची सेवा मुलींनाही लागू केली, इस्रायलमध्ये ती फार आधीपासून आहे, त्यामुळे हा प्रश्न आता खूप जणी विचारतात. वरचा सगळा क्रम तसाच. फक्त हाडाला तडे जाण्याचं प्रमाण मुलींमध्ये जास्त असतं, म्हणून भार वाढवण्याचा वेग आणखी कमी ठेवायचा. व्यायाम वाढवल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर तो तंदुरुस्तीचा परिणाम समजू नये. शरीराला अन्न कमी पडत असल्याची आणि हाडं कमजोर होत असल्याची ती खूण आहे. लोहाची तपासणीही आधीच करून घ्यावी, कारण लोह कमी असलं तर कितीही पळलं तरी दम वाढत नाही.

झोपेबद्दल सगळे दुर्लक्ष करतात आणि मला तेच सगळ्यांत खटकतं. इस्रायली सैन्याने प्रशिक्षणात किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालण्याचं अंतर कमी केलं, तेव्हा हाडाला तडे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आता रात्री दोनला झोपत असशील तर झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे आण. पहाटे साडेपाचला उठवल्यावर डोकं चालायला हवं, आणि ही सवय एका रात्रीत लागत नाही.

रुजू होण्याचे दिवस कडक उन्हाळ्यात असतील तर शेवटच्या महिन्यातले दहा ते चौदा दिवस रोज तासभर उन्हात, पण आधी हळू चालत, घालव. शरीर जास्त लवकर आणि जास्त घाम गाळायला शिकतं, नाडी आटोक्यात राहते. तहान लागेल तसं पाणी पी. स्पर्धा लावल्यासारखं लिटरच्या लिटर पिणंही घातक असतं, रक्तातलं मीठ पातळ होतं. सोबतचा कोणी उन्हात बरळायला लागला, अडखळायला लागला तर ती चक्कर नाही, उष्माघात आहे: सावली, अंगावर गार पाणी, वारा आणि ताबडतोब मदत.

वैद्यकीय तपासणीत काही लपवू नकोस. दमा, जुनं फ्रॅक्चर, उन्हात किंवा पळताना कधी शुद्ध हरपली असेल तर, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर, सिकल सेलचा (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक) गुणधर्म असेल तर, स्पष्ट सांग. ‘मग मला बाजूला काढतील’ ही भीती मी समजू शकतो, पण यातल्या बऱ्याच गोष्टी आधी माहीत असल्या तर काळजी घेऊन प्रशिक्षण पूर्ण करता येतं. छातीत दुखत असेल किंवा पळताना घेरी येत असेल तर मी वर लिहिलेलं काहीही सुरू करण्याआधी हृदय तपासून घे.

मधे आजारी पडलास, परीक्षा आली, आठवडा बुडाला तर तो भरून काढायला दुप्पट करू नकोस. जिथे सोडलं तिथून एक पायरी मागे जाऊन सुरू कर. आणि शेवटचे दोन आठवडे सगळं निम्मं: पळणं निम्मं, पाठीवरचं वजन बंद, जोर चालू ठेव पण कमी. शेवटच्या दहा दिवसांत कमावण्यासारखं काही उरत नाही आणि थकलेले पाय घेऊन गेलास तर पहिल्या आठवड्याचा भार थेट त्यांच्यावर पडेल. जायच्या आदल्या दोन दिवशी फक्त चाल, नखं काप, वापरून मऊ झालेले मोज्यांचे चार-पाच जोड पिशवीत टाक आणि लवकर झोप.